विद्याधर नाबर मार्ग, पूर्वीची साकव गल्ली

मुलुंड पूर्व
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

दर्शना,

वर 'प्रिय' लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला आणि हा घेतला.

मी रेवती. सुखनिवास, दुसरा मजला, नाबर. एकतीस वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा पाकीट न फोडता टाकून दिलंस तरी मी काही म्हणू शकत नाही. फोन करणार होते, पण आवाज ऐकल्यावर तू ठेवून दिला असतास.

पत्ता तुझ्या रश्मीकडून मिळाला. तिला रागावू नकोस. डोळे तपासायला गेले होते, तिथे ती होती. यंत्राला हनुवटी टेकवून बसले तर समोर थेट तुझ्या आईचे डोळे, द्रौपदीमावशींचे. मी विचारलं, "तुझी आई मुलुंडची का गं?" म्हणाली, "होती. आता आम्ही मानखुर्दला." मी माझं नाव सांगितलं तर तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. म्हणजे तू घरात माझं नाव कधी काढलंच नसशील. तू सिस्टर झालीस, रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत, मावशी अजून आहेत पण हल्ली विसरतात, हे तिनेच सांगितलं. तिचे आजोबा, रतनकाका, शहाण्णव सालीच गेले हेही. मला माहीत नव्हतं गं.

कामाचं बोलते. आज अनिरुद्ध ओवाळून घ्यायला आला होता. आपल्या गल्लीला बाबांचं नाव देताहेत. विद्याधर नाबर मार्ग. सव्वीस जानेवारीला पाटी लागणार. त्या दिवशी गल्लीच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका वाटायची आहे आणि ती मी लिहायची असं त्याने ठरवून टाकलंय. "तुझ्याइतकं कुणाला आठवतंय? आणि तुला वेळही आहे," म्हणाला. लग्न न केलेल्या, मुदतीआधी रिटायर झालेल्या बहिणीला वेळ असतोच.

मला तारखा हव्या आहेत. नाल्यावरचा साकव कोणत्या साली घातला, नळ कधी आला, वाचनालय कधी उघडलं. रतनकाका सगळं वहीत लिहून ठेवायचे. ती वही असेल तर बघून दोन ओळी कळव.

आणखी एक. बाबांनी त्र्याण्णव साली महापालिकेच्या ऑफिसला जे पत्र दिलं, त्याबद्दल मला तेव्हा काही माहीत नव्हतं. तुमची घरं पाडल्यावर कळलं. एवढं सांगायचं होतं.

रेवती


२४ नोव्हेंबर २०२४

दर्शना,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते.

काल वही-पेन घेऊन गल्लीतून फिरले. रोज जाते-येते, पण बघायला म्हणून कधी चालले नव्हते. तोंडाशी पिठाची गिरणी होती ना, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. उंबर आहे, पण त्याच्याभोवती कट्टा बांधून टाइल्स लावल्यात आणि त्यावर बसू नये अशी पाटी लावलीय. नाला दिसत नाही. त्याच्यावर स्लॅब टाकला, स्लॅबवर गाड्या उभ्या असतात. पावसाळ्यात खालून आवाज येतो तेवढाच. साकव कुठे होता ते मला पायांनी कळतं. तिथे रस्ता किंचित वर चढतो. मी तिथे उभी होते तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, काही हरवलं का?"

तुमची घरं होती त्या पट्ट्यात आता पार्किंग आणि एक जिम आहे.

घरी येऊन लिहायला बसले ते लिहीतच गेले. साकव घालायच्या आधी आपण शाळेत कसं जायचो ते लिहिलं. पावसात नाला गुडघ्याच्या वर असायचा आणि रतनकाका फॅक्टरीची पहिली पाळी सोडून काठावर उभे राहायचे. एकेका पोराला खांद्यावर घेऊन पलीकडे ठेवायचे. तुला, मला, अनिरुद्धला. मग एका उन्हाळ्यात ते आणि वस्तीतली माणसं रेल्वेचे जुने स्लीपर घेऊन आली. कुठून आणले ते कुणी विचारलं नाही. सुट्टीच्या चार दिवसांत साकव झाला. आमच्या बिल्डिंगमधून त्या कामाला एकच माणूस उतरला, बाबा. लेंगा वर खोचून चिखलात उभे राहिलेले बाबा मला स्पष्ट आठवतात. तेव्हा ते खरंच तसे होते, दर्शना. ते मी त्यांच्या बाजूने म्हणून लिहीत नाही.

नळाचंही लिहिलं. रतनकाकांनी वर्षभर ऑफिसात खेटे घातले आणि बाबांनी मंत्रालयातून आल्यावर रात्रीचं जेवण व्हायच्या आत इंग्रजीत अर्ज लिहून दिले. रतनकाका सांगायचे, बाबा लिहायचे. "नाबरसाहेब, जरा कडक लिहा," असं म्हणायचे आणि बाबा हसायचे.

अनिरुद्धला कच्चा मजकूर पाठवला. आज त्याचा फोन.

"छान लिहिलंयस, पण ताई, यात रतन जगधने जास्त झालेत."

"जास्त म्हणजे?"

"म्हणजे रस्ता कुणाच्या नावाचा आहे? वाचणारा गोंधळेल ना. तू असं कर, 'स्थानिक रहिवाशांच्या सहकार्याने' असं लिही. त्यात सगळेच आले."

मी म्हटलं, बरं. मी नेहमी बरंच म्हणते.

वाचनालय कधी उघडलं ते अजून हवंय. विहाराच्या ओट्यावर दोन बाकं आणि पत्र्याची पेटी एवढंच होतं, पण बारावीचा सगळा अभ्यास आपण तिथेच केला.

रेवती


१५ डिसेंबर २०२४

दर्शना,

तुझं पोस्टकार्ड आलं. वॉचमनने आणून दिलं, म्हणजे त्यानेही वाचलं असेल. वाचू दे.

"साकव मे १९७५. नळ १९७८. वाचनालय १४ एप्रिल १९८३. ऑफिसला दिलेल्या पत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहे. माझ्या बाबांनी अपील केलं तेव्हा मिळाली होती. खाली सही तुझ्या बाबांची आहे. वरचं अक्षर कुणाचं, ते मला कळणार नाही असं वाटलं का तुला?"

वाटलं होतं. खरं सांगते. एवढी वर्षं वाटत होतं की तुमच्यापैकी कुणी ते पत्र पाहिलंच नाही. बारावीत माझ्या नोट्स उतरवून घेणारीला माझं अक्षर ओळखू येईल एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही.

मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. मला माहीत होतं. पत्र मीच लिहिलं.

आता सांगते कसं झालं ते. तुला त्यातलं अर्धं माहीत असेल.

एकोणनव्वदच्या जानेवारीत वस्तीत आग लागली. एकोणीस घरं गेली. तुझा कॉलेजचा दाखला, रेशनकार्ड, सगळं जळलं. त्या रात्री तुम्ही सगळे आमच्याकडेच होतात. दोन महिन्यांत तुम्ही पत्रे उभे करून पुन्हा राहायला लागलात, त्याच जागी, त्याच क्रमाने. मग त्र्याण्णवला रस्ता रुंद करायचं निघालं. पंच्याऐंशीच्या आधीपासून राहत असल्याचा पुरावा देतील त्यांना दुसरीकडे घर मिळणार होतं. मतदार यादीत तुमची नावं होती, पण पत्ता नुसता 'नाल्याशेजारी'. महापालिकेतला साहेब म्हणाला, नाला चार किलोमीटर लांब आहे. शेवटी तो म्हणाला, गल्लीतल्या जुन्या रहिवासी संघाने लिहून दिलं तर चालेल.

संघाचे अध्यक्ष बाबा. रतनकाका संध्याकाळी आले, निश्चिंत होते. चहा घेतला. "साहेब, तुमचंच पत्र हवंय आता शेवटचं," म्हणाले. बाबा म्हणाले, "देतो."

नंतर आमच्या घरात सोसायटीची माणसं येऊन बसली. रस्ता रुंद झाला तर सुखनिवासला वर मजला चढवता येणार होता. वस्तीला पर्यायी जागा द्यायची म्हटली असती तर काम पाच-सात वर्षं लटकलं असतं. दोन दिवसांनी बाबांनी मला बोलावलं. त्यांचा हात तेव्हापासूनच थरथरायला लागला होता, अर्ज मीच लिहायचे. ते सांगत गेले. "सदर एकोणीस झोपड्या सन १९८९ मध्ये उभारण्यात आल्या आहेत."

मी पेन थांबवलं. म्हटलं, "बाबा, हे खोटं आहे."

"यात खोटं काय आहे? आगीनंतर बांधली की नाही त्यांनी घरं?"

"पण ते अडुसष्टपासून राहतात."

"कधीपासून राहतात ते कुणी विचारलेलं नाही. झोपड्या कधीच्या ते विचारलंय. लिही."

मी पंचवीस वर्षांची होते, नोकरी करत होते. पेन खाली ठेवता आलं असतं. मी लिहिलं. सुवाच्य लिहिलं, समास सोडून, जसं नेहमी लिहायचे तसं.

पाडायला आले त्या सकाळी तू वर आली होतीस. दार आईने उघडलं आणि रेवती ऑफिसला गेली म्हणून सांगितलं. मी आतल्या खोलीत होते. तुला माझ्या चपला दारात दिसल्या असतील. रतनकाका खाली उभे राहून हाका मारत होते, "नाबरसाहेब, जरा खाली या, यांना सांगा." त्यांना तेव्हा पत्रात काय लिहिलंय ते माहीत नव्हतं. बाबा पलंगावर बसून होते. मध्येच उठून त्यांनी पंखा मोठा केला, आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

याच्यापुढे काय लिहायचं ते कळत नाही. माफ कर म्हणायची माझी लायकी नाही आणि तू करशील अशी आशाही नाही. पाटी मात्र मी लागू देणार नाही. तेवढं करते.

रेवती


११ जानेवारी २०२५

दर्शना,

तेवढंही होत नाहीये.

आधी महापालिकेच्या ऑफिसात गेले. तीन टेबलं फिरले. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी फाइल काढली, पानं उलटली. "ठराव चार वर्षांपूर्वीच झालाय, मॅडम. हरकतींची मुदत तेव्हाच संपली. आता फक्त पाटी लावायचं राहिलंय."

मी म्हटलं, "हरकत आत्ता घेता येत नाही?"

"घ्या ना, लिहून द्या, मी आवक करते. पण तुमचं आडनाव पण नाबरच दिसतंय."

"मी त्यांची मुलगी."

त्यांनी चष्मा वर केला. "घरातली भांडणं घरात मिटवा हो," म्हणाल्या. वाईट बाई नव्हती. मला पाणी दिलं तिने. अर्जावर शिक्का मारून पोच दिली, ती घेऊन मी घरी आले.

मग चैतन्यकडे गेले. तो इथला कार्यकर्ता, पाटीचा कार्यक्रम त्याच्याकडेच आहे. तिशीचा असेल. तो जन्मला तेव्हा वस्ती उठून गेली होती. मी त्याला सगळं सांगितलं, पत्रासकट. पहिल्यांदाच कुणाला तरी तोंडाने सांगितलं. तो मन लावून ऐकत होता, मध्ये फोन आला तो त्याने कापलादेखील.

मग म्हणाला, "काकू, तुम्ही फार प्रामाणिक आहात. पण बघा, त्या काळात सगळीकडे असंच झालं. मग कुठल्याच रस्त्याला नाव देता येणार नाही. आणि खरं सांगू का, पाटी तयार आहे. ग्रॅनाइट आहे."

"मग रतन जगधने यांचंही नाव टाका खाली."

"ठरावात एकच नाव आहे. बघतो मी, पुढे-मागे चौकाला वगैरे देता आलं तर." त्याने वहीत नाव लिहून घेतलं. जगधने ऐवजी जगदाळे लिहिलं. मी दुरुस्त करून दिलं.

अनिरुद्ध रात्री आठला आला तो चप्पल न काढताच बोलायला लागला. चैतन्यने त्याला फोन केला होता.

"तू बाहेर जाऊन काय सांगत सुटलीयस, ताई?"

"जे झालं ते."

"बाबा गेले, रतनकाका गेले. आता कुणाला काय मिळणार आहे याच्यातून? दर्शनाला घर मिळणार आहे? नाही ना? मग फक्त बाबांची वाट लावायची तेवढी राहिलीय."

तो खुर्चीत बसला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "मलाही त्यांनी खांद्यावरून नेलंय. मला आठवत नाही असं समजू नकोस." त्याचे डोळे भरले होते. पण लगेच म्हणाला, "पाटीवरचा पडदा तूच ओढायचास. घरातलं मोठं माणूस तूच आहेस."

सगळं लिहिलेला मजकूर मी परस्पर प्रेसला दिला होता, पण पुस्तिका काल छापून आली ती दुसरीच आहे. 'विद्याधर नाबर यांच्या दूरदृष्टीतून आणि स्थानिक रहिवाशांच्या सहकार्याने.' लेखिका म्हणून माझं नाव आहे. एक प्रत सोबत पाठवणार होते, मग नको वाटलं.

रेवती


२६ जानेवारी २०२५

दर्शना,

पाटी लागली.

सकाळी झेंडावंदन झाल्यावर लगेच कार्यक्रम होता. उंबराजवळ छोटा मांडव, साठ-सत्तर खुर्च्या, पुढे बँडवाले. मी जाणार नव्हते. मग वाटलं, न गेले तर पुन्हा आतल्या खोलीत बसल्यासारखंच होईल. म्हणून गेले. पडदा मी ओढला नाही. अनिरुद्धला म्हटलं, माझा खांदा दुखतोय. त्याने ओढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं आहेत. बाबांचा जन्म आणि मृत्यू, आणि खाली 'या मार्गाचे शिल्पकार'.

चैतन्यने माइक माझ्या हातात दिला. "रेवतीकाकूंनी दोन शब्द बोलावेत."

मी लिहून नेलं होतं. कागद उघडला पण वाचायची गरज पडली नाही. म्हटलं, "या गल्लीचे शिल्पकार माझे वडील नाहीत. साकव रतन जगधने यांनी आणि वस्तीतल्या माणसांनी बांधला. नळ त्यांनी आणला. वाचनालय त्यांचं होतं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी थांबले, मला वाटलं समजतंय त्यांना. पुढच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "किती मोठं मन आहे बघ."

मी म्हटलं, "तुम्ही ऐकत नाही आहात. त्या माणसांची घरं माझ्या वडिलांच्या पत्रामुळे पडली. ते पत्र मी लिहिलं."

आता टाळ्या नव्हत्या. पण कुणी रागावलंही नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले, कुणीतरी मोबाइल काढला. चैतन्यने हलकेच माझ्या हातातून माइक घेतला. "काकूंना भरून आलंय," तो म्हणाला. "साहजिक आहे. वडिलांची आठवण. नाबर कुटुंबाचा हाच मोठेपणा आहे की श्रेय स्वतःकडे न घेता ते दुसऱ्यांना देतात." त्याने बँडकडे हात केला आणि बँड सुरू झाला.

ओजस, अनिरुद्धचा मुलगा, मला धरून खुर्चीपर्यंत घेऊन गेला. "आत्या, पाणी पी," म्हणाला. मग सगळ्यांना सामोसे आणि पेढे दिले. मलाही दिले. बाई येऊन माझे हात धरून जात होत्या. एकीने विचारलं, बीपीची गोळी घेतलीत का?

मला वाटायचं, मी इतकी वर्षं बोलले नाही म्हणून कुणाला कळलं नाही. आज बोलले.

रेवती


१२ फेब्रुवारी २०२५

दर्शना,

काल मी तुझ्या घरी येऊन गेले. तू ड्यूटीवर होतीस. हे पत्र पोचेपर्यंत तुला ते शेजारच्या बाईंकडून कळलं असेल आणि मी काय करून ठेवलं तेही. तरी माझ्या तोंडून कळावं म्हणून लिहिते.

तू असताना यायची हिंमत नव्हती. तू नसताना येऊन दाराशी रतनकाकांच्या फोटोला नमस्कार करावा आणि परत फिरावं, असं काहीतरी डोक्यात होतं. शेजारच्या बाईंनी दार उघडलं. मी म्हटलं, दर्शनाची मैत्रीण. त्यांनी बसवलं आणि पाच मिनिटांत येते म्हणून त्या खाली भाजी आणायला गेल्या.

मावशी पलंगावर बसल्या होत्या. किती लहान झाल्यात गं. मला वाटलं ओळखणार नाहीत. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "रेवती ना? नाबरसाहेबांची. बस. जेवलीस का?"

मी पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, केस बघितले. "लईच पिकले," म्हणाल्या. मग आवाज बारीक केला, कुणी ऐकू नये तसा. "साहेबांनी दिलं का गं लिहून?"

मला आधी कळलंच नाही.

"पत्र गं. आमचं पत्र. हे रोज जाऊन येतात, साहेब घरात न्हाईत म्हणतात. उद्या माणसं येणार हायेत पाडायला. दिलं का साहेबांनी?"

दर्शना, मी सांगायला हवं होतं, की मावशी, त्याला बत्तीस वर्षं झाली. किंवा काहीच बोलायला नको होतं. तू नर्स आहेस, तुला माहीत असतं अशा वेळी काय बोलायचं असतं. मला नाही माहीत. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मांडवात साठ माणसं होती, त्यांच्यातल्या एकानेही माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "हो मावशी. दिलं."

"खरं?"

"खरं. मीच लिहिलं. अडुसष्टपासून राहतात असं लिहिलंय."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग मला म्हणाल्या, "साहेब देव माणूस हाये. मी ह्यांना म्हणत होते, ते देतील." मला उठून जावंसं वाटत होतं, पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं.

त्यानंतर जे झालं ते माझ्या लक्षातच आलं नाही आधी. त्या पलंगाचा आधार घेत उठल्या. मला वाटलं बाथरूमला जायचंय. त्यांनी कपाट उघडलं आणि लुगडी काढायला लागल्या. एकेक पलंगावर ठेवत होत्या. मी विचारलं, "मावशी, काय करताय?"

"चल ना. आता पाडत न्हाईत तर हितं कशाला राहायचं? हे लोकांचं घर. दर्शना शाळेतून यायच्या आत चूल पेटवली पायजे."

मी म्हटलं, "उद्या जाऊ." म्हटलं, "आज ऊन आहे." ऐकेनात. मी लुगडी परत कपाटात ठेवायला गेले तर त्यांनी हिसकून घेतली. घाबरल्या. माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "तू त्यांच्यातली हायेस का? पाडायला आलेल्यांतली?"

तेवढ्यात शेजारच्या बाई आल्या. त्यांनी मावशींना धरलं. मला म्हणाल्या, "काय सांगितलंत तुम्ही यांना?" मी पर्स उचलली आणि जिना उतरले. चार मजले उतरेपर्यंत वरून मावशींचा आवाज येत होता. त्या मला नाही, रतनकाकांना हाका मारत होत्या. चला म्हणून.

रिक्षात बसल्यावर कळलं की मी पुन्हा तेच केलं. बरं वाटावं म्हणून एक वाक्य बोलले आणि निघून आले, आणि ते निस्तरायला तू. तू दमून घरी आली असशील तेव्हा मावशी दाराशी पिशव्या भरून बसलेल्या असतील. त्यांना पुन्हा सांगावं लागलं असेल की आपल्याला कुठे जायचं नाहीये, घर नाहीये, बाबा नाहीत. हे सगळं त्यांना पहिल्यांदाच कळल्यासारखं कळलं असेल. कदाचित रोज विचारत असतील, कदाचित आता रोज विचारतील.

मी तिथे परत येणार नाही. पत्रंही आता लिहीत नाही. एवढंच विचारायचं होतं, आणि त्याचं उत्तर तू दिलं नाहीस तरी चालेल. मावशी त्या रात्री जेवल्या का?

रेवती